ऊस भरला की ट्रॅक्टर तापतोय? या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की तक्रार ठरलेली: "रिकामा मस्त पळतोय, डबल ट्रॉली जोडून चढ लागला की काटा लालमध्ये." तक्रारीसोबत चुकाही त्याच त्या.

सगळ्यात वैताग आणणारी चूक म्हणजे उभ्या ट्रॅक्टरवर, मंद रेसवर इंजिन तपासायचं आणि "काही नाही, चालवा" म्हणून सोडून द्यायचं. जे दुखणं ओझ्याखाली येतं ते सावलीत उभं करून कसं दिसणार? मागे एक ट्रॅक्टर आला होता. रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफसफाई) झालेलं, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप नवा, पंख्याचा पट्टा नवा, आता हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवायची बोलणी चाललेली. तरी कारखान्याच्या अलीकडच्या चढाला रोज उकळायचा. इंजिन पुरतं तापू दिलं, एकाला रेस धरायला लावली आणि बॅटरी मारून रेडिएटरचा खालचा होज पाईप बघितला. रेस वाढली की पाईप चपटा, सोडली की पुन्हा गोल. वॉटर बॉडी त्याच पाईपातून पाणी ओढते. पाईप मऊ असला की त्या ओढीनं आत दबतो आणि नेमकं गरज असते तेव्हाच पाणी अडतं. कुणीतरी आत स्प्रिंग नसलेला स्वस्तातला पाईप बसवून दिला होता. एक पाईप आणि दोन क्लिपांत काम संपलं. मालक आधीची बिलं मोजत बसला, त्याला मी तरी काय करणार?

हेडवर संशय असेल तर आधी एवढं करा. गार इंजिनवर रेडिएटरची कॅप काढून स्टार्ट करा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे एकसारखे येत राहिले, थांबलेच नाहीत, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगकडे वळा. तोवर पाना लावायचा नाही.

दुसरा लाडका उद्योग म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून फेकणं. "आपल्याकडं ऊन एवढं, कशाला पाहिजे?" असं सांगणारा मिस्त्री प्रत्येक तालुक्यात आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्यातलं थोडं रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत फिरतं, म्हणजे चढावर तापायचं ते तापतंच. वर डिसेंबरच्या पहाटे इंजिन लवकर गरम होत नाही आणि डिझेल जास्त जातं. माझी सवय साधी आहे: पातेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मोस्टॅट तारेनं लटकवायचा आणि पातेलं गॅसवर ठेवायचं. बऱ्याच थर्मोस्टॅटवर 82 अंश कोरलेलं असतं, म्हणजे तिथं तो उघडायला लागतो. पाणी उकळायला लागलं तरी तो पूर्ण उघडला नाही, तर नवा घ्या. पण बसवा नक्की.

जाळीत पाचट अडकलेली सगळ्यांना दिसते. जाळी आणि रेडिएटरच्या मध्ये बसलेला भुसा कुणी बघत नाही. हवा पंख्याच्या बाजूनं पुढं मारा. समोरून मारली तर कचरा आणखी आत जातो. पाण्याचा जोरदार फवारा मारून पत्र्याच्या पात्या वाकवू नका.

कॅपचं रबर बघा. कॅप 0.9 बार दाब धरत असेल तर साधं पाणीही 118 अंशांच्या आसपास उकळतं, रबर गेलं की शंभरलाच.

बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. कुलंट महाग वाटतो त्यांनी रॉडिंगचा भाव विचारून यावा.

वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवत चढ काढणारे शूर वीर वेगळेच. पंखा आणि वॉटर बॉडी इंजिनच्याच वेगाच्या हिशोबानं फिरतात. आरपीएम पडला की हवाही कमी, पाणीही कमी. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली टाका. एक खेप कमी झाली तर कारखाना बंद पडत नाही.

ट्रॉलीची चाकंही हातानं चाचपा. एकच ड्रम चटका देत असेल तर ब्रेक धरून बसलाय आणि इंजिन फुकट बदनाम होतंय.

आणि उकळलाच तर? पट्टा शाबूत असेल, पाणी गेलेलं नसेल, तर लगेच बंद न करता मंद रेसवर थोडा वेळ चालू ठेवा, पंखा फिरू दे. पट्टा तुटला किंवा पाणी सांडलं असेल तर मात्र तिथंच बंद. चाकांना दगड लावा. कॅपला हात लावायचा नाही, गार पाणी ओतायचं नाही. तापलेल्या हेडला तडा जायला एक बादली पुरते. रेडिएटरचा वरचा पाईप हातानं धरवेल इतका निवला की मगच जाड फडकं घेऊन कॅप आधी अर्धीच फिरवा, वाफ जाऊ द्या, मग काढा.