सिस्टरांच्या शाळेचा इतिहास लिहिताय? जनरल रजिस्टर मागा

पुण्याच्या कॅम्पातल्या, म्हणजे जुन्या लष्करी छावणीतल्या, आमच्या शाळेच्या स्मरणिकेचं काम केल्यापासून इतर शाळांच्या माजी विद्यार्थिनी मला विचारतात, ताई, सुरुवात कुठून करायची?

पहिल्यांदा सिस्टर कोणत्या संघाच्या, म्हणजे जोगिणींच्या कोणत्या धार्मिक संस्थेच्या, ते नक्की करा. पुण्यात आपण सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. सेंट मेरीज वाढवली इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टरांनी, पण त्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, कॅथलिक नव्हेत. कॅथलिकांमध्येही संघ अनेक. नावापुढची अक्षरं बघा: आर.जे.एम. म्हणजे जीझस अँड मेरी, ए.सी. म्हणजे अपोस्टॉलिक कार्मेल. संघ कळला की मागचा धागा लागतो. जीझस अँड मेरी हा संघ १८१८ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात क्लोदिन तेवने यांनी काढला. फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांचे दोन भाऊ मारले गेले होते. त्यांच्या सिस्टर १८४२ मध्ये आग्र्याला आल्या.

मग ऑफिसातून जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक मुलीच्या प्रवेशाची नोंदवही, मागा. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो, म्हणून ते जपलेलं असतं. फोटो आणि भाषणं नंतर बघा. आमच्या रजिस्टरात जन्मस्थळाच्या रकान्यात महू, देवळाली, क्वेट्टा अशी लष्करी गावं ओळीनं येतात. ‘शाळा सोडल्याचे कारण’ तर एकेक ओळ थांबून वाचा. पानंच्या पानं ‘वडिलांची बदली’. १९४७ नंतर ‘इंग्लंडला रवाना’. पुढे मराठी आडनावं वाढत जातात आणि कारण होतं ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’. कॅम्प कसा बदलला, हे मला कुठल्याही अहवालापेक्षा या रकान्यानं जास्त सांगितलं.

सिस्टरांची यादी करताना जपून. संघात येताना नवं नाव मिळायचं, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) पुष्कळ जणींनी बाप्तिस्म्याचं नाव परत घेतलं. त्यामुळे एकच सिस्टर दोन नावांनी सापडते. प्रॉव्हिन्शियल हाउसला, म्हणजे संघाच्या प्रांतिक मुख्यालयाला, लिहून पडताळा करून घ्या. मठाची दैनंदिनी मिळाली तर उत्तमच, पण ती फ्रेंचमध्येही असू शकते. मदर सुपीरियर (मठाच्या प्रमुख) आणि हेडमिस्ट्रेस या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्मरणिकांत प्रत्येक सुपीरियरचा फोटो असतो, पण मावशी आणि शिपाईमामा ‘सेवकवर्ग’ या एका शब्दात संपतात. जुनी पगारपत्रकं काढा, पूर्ण नावं उतरवून घ्या. निवृत्त मावशींच्या घरी जा, घंटा कोण द्यायचं, बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात काय शिजायचं ते विचारा आणि ही नावं सिस्टरांच्या यादीइतक्याच मोठ्या टायपात छापा.