पडका वाडा, बंद घर आणि घरपट्टी : नाशकात सूट कशी मागायची

जुन्या नाशकात दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, आणि त्याच वाड्याचं घरपट्टीचं बिल मात्र पूर्ण रकमेचं येतं. म्हणजे महापालिकेच्या एका टेबलावर तुमचं घर कधीही कोसळेल असं आहे आणि दुसऱ्या टेबलावर ते ठणठणीत आहे. ही दोन टेबलं आपणहून एकमेकांशी बोलत नाहीत, ते आपल्यालाच करून द्यावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. घर रिकामं आहे म्हणून मिळणारी सूट घर कधी पडलं यावर मोजत नाहीत, तुम्ही महापालिकेला लेखी कधी कळवलं त्या तारखेपासून मोजतात. महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कराधान नियमांत (अनुसूची ड, प्रकरण ८) रिकाम्या मिळकतीच्या कर परताव्याची तरतूद आहे, पण कळवण्याच्या आधीचा काळ त्यात धरत नाहीत. त्यामुळे कागद गोळा होईपर्यंत थांबू नका, आजच साधा अर्ज देऊन ठेवा, कागद मागून जोडता येतात.

आता तुमची केस कुठली ते बघा. घर उभं आहे पण राहण्यालायक नाही आणि कोणी राहत नाही, तर रहिवास नसल्याची सूट मागायची. मागचा चौक पडला आणि पुढच्या दोन खोल्या वापरात आहेत, तर फेरआकारणी मागायची, म्हणजे करयोग्य मूल्यच कमी करून घ्यायचं. (घराला वर्षाला किती भाडं येऊ शकतं ते धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात, ते करयोग्य मूल्य. पडलेल्या चौकाला भाडं कोण देणार, हाच तुमचा मुद्दा.) आणि सगळंच भुईसपाट झालं असेल तर इमारतीची नोंद कमी करायचा अर्ज, पण जागेवरचा कर तरीही लागतो हे लक्षात असू द्या.

कागदांमध्ये खरा जीव पुराव्यात आहे. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस असेल तर ती सगळ्यात भारी, त्यातही याच अधिनियमाच्या कलम २६४ ची, म्हणजे पडायला आलेली इमारत उतरवायला किंवा दुरुस्त करायला सांगणारी, किंवा घर रिकामं करायला सांगणारी कलम २६८ ची असेल तर वाद घालायला फारसं काही उरतच नाही. नोटीस नसेल तर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ऑडिट करून घ्या, खर्च होतो पण रिपोर्टात इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक आहे की सी-२ म्हणजे दुरुस्तीची आहे ते स्पष्ट येतं. ३० वर्षांवरच्या इमारतीला तसंही कलम २६५-अ प्रमाणे स्थैर्य प्रमाणपत्र लागतंच. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, भिंत पडली असेल तर पंचनामा, आणि फोटो दिवसाउजेडी, आतून बाहेरून.

आणि महावितरणचं बिल विसरू नका. घर बंद आहे हे शंभर शेजाऱ्यांनी सांगितलं तरी शून्य युनिटचं बिल जास्त बोलतं. मीटर कायमचं बंद केलं असेल तर तो कागद जोडा, नळजोडणी तोडली असेल तर तोही, कारण पाणीपट्टी वेगळी चालू राहते आणि तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. उलट घर बंद म्हणायचं आणि आत पुतण्याच्या दुकानाचा माल ठेवायचा, हे पाहणीला आलेल्या माणसाला दारातच दिसतं, मग अर्जाचं काय होणार ते सांगायला नको.

नाव हा वाड्यांमधला कायमचा घोळ. बिल अजून आजोबांच्या नावावर, वारस पंधरा, त्यातले चार पुण्यात आणि एक अमेरिकेत. वारसनोंद पूर्ण होईपर्यंत अर्ज अडवून धरू नका, सिटी सर्व्हेचा उतारा आणि मृत्यूचा दाखला जोडून एका वारसाने सर्वांच्या वतीने अर्ज द्यावा, बाकीच्यांचं संमतिपत्र जमेल तसं. पागडीचे भाडेकरू असतील तर त्यांच्याशी आधी बोला, नाहीतर त्यांना वाटतं मालक आपल्याला हुसकायला बघतोय, आणि त्यांची शंका दरवेळी चुकीची असते असंही नाही.

अर्ज तुमच्या विभागीय कार्यालयात द्यायचा. नाशकात सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड, तुमचा कुठला ते बिलावर असतं. मजकूर लांबवू नका: इंडेक्स नंबर (बिलावरचा मिळकतीचा क्रमांक), पत्ता, अमुक तारखेपासून घरात कोणी राहत नाही, कारण हे, पुरावे सोबत, जागेची पाहणी करून सूट द्यावी ही विनंती. दोन प्रती न्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, "ठेवून जा, बघतो" याला काही अर्थ नसतो. रहिवास नसलेल्या मालमत्तांना करात सूट ही लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे, त्यामुळे महापालिकेची निर्णय द्यायची मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं.

रिकामेपण लांबलं तर एप्रिलला आणि ऑक्टोबरला, म्हणजे दर सहामाहीच्या सुरुवातीलाच, पुन्हा लेखी कळवा. एकदा दिलं म्हणजे झालं असं नाही.

निकाल लागेपर्यंत बिल भरायचं का? माझं मत, भरा, "हरकत कायम ठेवून" असं पत्र देऊन भरा. थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती चढते आणि ती मिळणाऱ्या सुटीपेक्षा कधी मोठी होते कळत नाही, शिवाय वर्षाच्या सुरुवातीला भरणाऱ्याला जी सवलत असते तीही हातची जाते. करयोग्य मूल्याचाच वाद असेल तर कलम ४०६ खाली कोर्टात अपील आहे, पण १५ दिवसांत, आणि कराची रक्कम आधी भरावी लागते.

एक गोष्ट मात्र अर्ज टाकायच्या आधी घरात बसून बोलून घ्या. घर राहण्यालायक नाही असं तुम्हीच लिहून दिलं की महापालिका उतरवून घ्या म्हणून नोटीसही काढू शकते. आणि वाडा पाडून नवीन बांधलं की नवी आकारणी होते, १ एप्रिल २०१८ पासून नाशकात नवीन मिळकतींचे दर बरेच वाढवलेले आहेत, जुन्या वाड्याची किरकोळ घरपट्टी परत मिळत नाही. नुसती दुरुस्ती करून राहायला गेलात तर तेही कळवायचं, नाहीतर घेतलेली सूट वसुलीत निघते.