तिजोरीची चावी एकाच हाती? केंटकीने केलेल्या या चुका टाळा

अमेरिकेतल्या केंटकी राज्याचे खजिनदार जेम्स टेट यांना लोक ‘ऑनेस्ट डिक’, म्हणजे प्रामाणिक डिक म्हणायचे. 1867 साली ते निवडून आले आणि पुढे 20 वर्षं लोक त्यांनाच निवडून देत राहिले. मार्च 1888 मध्ये ते निघून गेले, तेव्हा तिजोरीत सुमारे 2 लाख 47 हजार डॉलर कमी भरले.

पहिली चूक त्या टोपणनावातच आहे. माणूस सज्जन, मग वह्या कशाला बघायच्या? हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. खजिनदार खरोखर सचोटीचा असेल तर तपासणी त्याच्याच बाजूने बोलते.

सर्वांत महागात पडली ती दुसरी चूक. टेट ओळखीपाळखीच्यांना सरकारी पैशातून उचल द्यायचे आणि सहीची चिठ्ठी पेटीत ठेवून घ्यायचे. चिठ्ठी म्हणजे रोकड नव्हे! म्हणून नुसती वहीतली शिल्लक वाचून उठू नका. पेटी समोर उघडा, नोटा मोजा. चिठ्ठी निघाली तर ती कोणाची, कधीची आणि कोणाच्या मंजुरीने, हे तिथेच लिहून घ्या. आणि ज्यांनी उचल घेतली आहे, त्यांना तपासणीवर बसवू नका.

तपासणीची मागणी जोर धरू लागली तेव्हा टेट यांनी वेळ मागून घेतला. ही मुदत कधीच देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. 14 मार्चला त्यांनी सोन्याचांदीची नाणी दोन थैल्यांत भरली, नोटांचं जाडजूड बंडल घेतलं आणि लुइव्हिलला कामासाठी जातो म्हणून राजधानी फ्रँकफर्ट सोडली. गव्हर्नर सायमन बकनर यांनी अफरातफर जाहीर केली ती 20 मार्चला. मधले सहा दिवस हातचे गेले. तपासणी ठरली की त्याच दिवशी पेटीला दुसरं कुलूप लावा आणि त्याची चावी दुसऱ्याकडे द्या.

महाभियोग चालवून टेट यांना पदावरून काढलं, पण ते कधीच हाती लागले नाहीत. राज्याचा खर्च भागावा म्हणून बकनर यांनी स्वतःचे पैसे सरकारला कर्जाऊ दिले. 1891 च्या राज्यघटनेत तर अशा पदांवर लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यालाच बंदी घातली गेली. ती 1992 पर्यंत टिकली.