मायची सोमवारची गोळी
ओट्यावरून उतरताना माय घसरली अन् मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं तर प्लॅस्टरवर थांबू नका, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीचं विचारा. आम्ही परभणीहून संभाजीनगरला गेलो. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलनेचा आकडा, उणे २.८ निघाला, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ.

डॉक्टरांनी हाडांची झीज रोखणारी ॲलेन्ड्रोनेट गोळी दिली, ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. आम्ही सोमवार धरला, महादेवाचा वार माय विसरत नाही. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत अख्खी गिळायची. चहासोबत नाही, दुधासोबत तर नाहीच. मग अर्धा तास काही खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. तेवढ्यात माय ताठ बसून ज्वारी निवडते. कॅल्शियम जेवणानंतर. गिळताना दुखलं, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.