पॉलिपने सोसलेली थंडी: जेलीफिशच्या रूपांतरावर काम सुरू करणाऱ्यांसाठी

मून जेलीफिश म्हणजेच ऑरेलियाच्या पॉलिपवर, म्हणजे तळाला चिकटून राहणाऱ्या तिच्या आधीच्या अवस्थेवर, मी पहिला प्रयोग केला, तेव्हा पाचव्या दिवशी औषध घातलेल्या पेट्री डिशमधले पॉलिप जेलीफिशमध्ये रूपांतराला लागले आणि मला अतिशय आनंद झाला. मग मी कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेली, डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिच्यात फक्त औषध विरघळवण्यासाठी वापरलेले द्रावक होते, तरीही तिथल्या पॉलिपच्या शुंडकांखाली, म्हणजे तोंडाभोवतीच्या बारीक सोंडांखाली, रूपांतर सुरू झाल्याची खूण असलेला तसाच आवळ पडलेला दिसला. चौकशीअंती कळले की, तो साठा माझ्याकडे येण्यापूर्वी कित्येक दिवस थंड इनक्युबेटरमध्ये होता आणि त्याची नोंद कोणीच केलेली नव्हती.

ही चूक इतकी महाग का पडते, हे समजण्यासाठी निसर्गात काय घडते ते पाहायला हवे. पॉलिप तळाला चिकटून वर्षानुवर्षे राहू शकतो. पाणी थंड झाले आणि ती थंडी पुरेशी टिकली, की त्याच्या अंगावर एकाखाली एक वळ्या पडतात व प्रत्येक वळीतून एक इफायरा, म्हणजे बाल-जेलीफिश, सुटते. या प्रक्रियेला स्ट्रोबिलेशन म्हणतात. जर्मनीतील कील विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की, तापमान १८ अंशांवरून १० अंशांवर आणल्यावर सीएल३९० नावाच्या जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे त्याची सक्रियता, दिवसागणिक वाढत जाते. पॉलिप जणू थंडीचे दिवस मोजत असतो, आणि मोजणी पुरी होण्याआधीच त्याला उबेत परत आणले तर रूपांतर होत नाही. माझ्या कंट्रोलमधल्या पॉलिपची मोजणी मात्र आधीच पुरी झालेली होती.

रसायने हीच वाट जवळची करतात. सीएल३९० जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या टोकाकडील ट्रिप्टोफॅनयुक्त पेप्टाइडे (प्रथिनाचे छोटे तुकडे) स्ट्रोबिलेशन घडवतात, आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लामध्ये इंडोल नावाचे रासायनिक वलय असते. हा धागा धरून त्याच संशोधकांनी साधे इंडोल रेणू तपासले. त्यांतले ५-मेथॉक्सी-२-मेथिलइंडोल इतके परिणामकारक ठरले की, जे घडायला थंडीत आठवडे लागतात ते काही दिवसांतच सुरू होते. इंडोमेथासिन हे वेदनाशामक औषधही इंडोलच असल्यामुळे तेही चालते. ९-सिस रेटिनॉइक आम्लानेही हे घडते, कारण या मार्गात रेटिनॉइडचे, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाशी संबंधित रेणूंचे, संदेशवहन गुंतलेले आहे. त्याआधी, १९६७ मध्ये, डोरोथी स्पँगेनबर्ग या संशोधिकेने आयोडिनने ऑरेलियाचे रूपांतर घडवले होते; पुढे १९९१ मध्ये त्यांचे पॉलिप कोलंबिया यानातून अवकाशातही गेले. आयोडिनचा हा संबंध नवख्यांनी विसरू नये, कारण कृत्रिम समुद्रजलाचे मिश्रण बदलले तर त्यातील आयोडाइडचे प्रमाणही बदलू शकते आणि औषध तेच असूनही निकाल वेगळा येऊ शकतो.

प्रत्यक्ष कामात माझा बहुतेक वेळ औषध घालण्यापूर्वीच्या तयारीतच जातो. प्रत्येक डिशवर मी तापमान आणि त्या तापमानाला ठेवल्याची तारीख लिहिते. आकाराने सारखे, सोळा शुंडके पूर्ण वाढलेले पॉलिप निवडते. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्यांना आर्टेमिया या छोट्या कवचधारी जलचराच्या पिल्लांचा खाऊ देत नाही, कारण उरलेले अन्न कुजले की पाणी बिघडते. द्रावकाचा कंट्रोल तर हवाच, शिवाय ज्यात काहीच घातलेले नाही अशी एक डिशही ठेवावी. औषधाचे प्रमाण ठरवताना घाई करू नये, कारण जास्त मात्रेने पॉलिप रूपांतराऐवजी आक्रसून मरतात.

त्यानंतर रोज ठरल्या वेळी बघत राहावे. आधी शुंडकांच्या खाली एक बारीक आवळ दिसतो, मग त्याखाली आणखी पडत जातात. शुंडके आखडून नाहीशी होतात, वळ्यांवर तांबूस छटा चढते, आणि एके दिवशी सर्वांत वरची चकती आपल्या आठ बाहूंसह आकुंचन पावताना दिसते. ती सुटण्याआधी कित्येक तास अशीच धडधडत असते. पहिल्यांदा हे पाहताना मी नोंद करायचीच विसरले होते, त्यामुळे शक्य असेल तर कॅमेरा आधीच लावून ठेवावा.

नवी जात हाती आली तर ऑरेलियाचे आकडे तिला लावू नयेत. कॅसिओपिया या जेलीफिशमध्ये पॉलिपमधून एका वेळी एकच इफायरा सुटते आणि तिथे सहजीवी शैवालांचाही वाटा असतो. इंडोलचा परिणाम अनेक जातींवर होत असला, तरी मुकुटधारी जेलीफिशच्या गटातील तपासलेल्या जातीवर तो झाला नाही. म्हणून अशा वेळी मोजके पॉलिप चार-पाच वेगवेगळ्या मात्रांत ठेवून पाहावे आणि मगच मोठा प्रयोग मांडावा.