फुलावरचा प्राणी परागीभवन करतोय की नुसताच मकरंद पितोय, हे कसं ओळखावं?

उष्णकटिबंधीय जंगलात कीटक आणि पक्ष्यांइतकीच काही झाडांची भिस्त सस्तन प्राण्यांवर असते. पण फुलात तोंड घालणारा प्रत्येक जण उपयोगी पडतोच असं नाही. काही तर अख्खं फूलच खाऊन टाकतात. तेव्हा नुसतं पाहून भागत नाही, तपासावं लागतं.

१. झाड दिवसाच हेरून ठेवा. वटवाघळं ज्यांवर येतात ती फुलं बहुधा पांढरट, हिरवट किंवा मळकट जांभळी असतात, पाकळ्या जाड आणि मकरंद भरपूर. ती पानांच्या गर्दीबाहेर, खोडावर किंवा लांब देठाला लोंबत असतात, म्हणजे पंख अडकत नाहीत. टेटूचं झाड हे चांगलं उदाहरण. फुलं उग्र वासाची, रात्री उमलणारी.

२. अंधार पडण्याआधी जागा धरा. फुलापासून जरा लांब बसा आणि टॉर्चला लाल कागद लावा. पांढऱ्या झोतात प्राणी बिचकतात. आशिया-आफ्रिकेतली फळवाघळं फुलाला लटकून मकरंद पितात. अमेरिकेतली मकरंद पिणारी छोटी वाघळं मात्र हवेत जागच्या जागी थांबून जीभ आत घालतात. इक्वेडोरमधल्या एका जातीची जीभ तर शरीराच्या दीडपट लांब असते!

३. परागकण अंगावर कुठे लागतात ते बघा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. प्राण्याच्या अंगाची जी जागा पुंकेसराला (पराग असलेल्या नरभागाला) घासते, तीच पुढच्या फुलाच्या कुक्षीला (पराग झेलणाऱ्या मादीभागाच्या टोकाला) टेकायला हवी. मध्य अमेरिकेत खाजकुइलीच्या कुळातली एक वेल आहे. वाघळाने तोंड दाबलं की तिचं मिटलेलं फूल फटकन उघडतं आणि परागकण थेट त्याच्या पार्श्वभागावर उडतात. मादागास्करमध्ये काळा-पांढरा रफ्ड लेमूर हा माकडाचा दूरचा नातलग ट्रॅव्हलर्स पाम या केळीसारख्या पानांच्या झाडाच्या फुलोऱ्याची टणक आवरणं हातांनी उघडतो. त्याच्या थोबाडावरच्या केसांत पराग अडकतात आणि फूल मात्र शाबूत राहतं. फूल मोडलं असेल तर शंका घ्या.

(मलेशियातल्या बर्टम पामच्या मकरंदात ३.८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क आढळला आहे. तिथली ट्री-श्रू (खारीसारखा छोटा सस्तन प्राणी) तो रात्री पिते, तरी झिंगलेली दिसत नाही.)

४. जाळी लावून खात्री करा. उमलण्याआधीच काही कळ्या बारीक जाळीत बांधा, काहींभोवती मोठ्या भोकांची जाळी लावा, म्हणजे कीटक शिरतील पण वाघूळ नाही. काही कळ्या फक्त दिवसा झाका, पक्षी वगळले जातील. काही मोकळ्याच सोडा. सगळ्यांवर खुणेचे दोरे बांधा. फळं फक्त मोकळ्या आणि रात्री उघड्या ठेवलेल्या फुलांना धरली, तर श्रेय रात्रीच्या मोठ्या पाहुण्याचं. बारीक जाळीतही फळं धरली, तर झाडाला कुणाचीच गरज नाही.

वाघूळ जाळीत अडकलं तर उघड्या हाताने सोडवू नका, चावण्यातून रेबीज होऊ शकतो. आणि दिवसा त्यांच्या गुहेत शिरू नका. आख्खी वसाहत जागा सोडून जाऊ शकते.