घर बदललं पण आईचा लँडलाईन नंबर वाचवला, माझा अनुभव

आम्ही शनिवार पेठेतून सिंहगड रोडला शिफ्ट झालो आणि आईचं एकच म्हणणं, फोन नंबर बदलायचा नाही. ३५ वर्षं सगळ्या नातेवाईकांना तोच पाठ आहे.

टेलिफोन ऑफिसात गेलो तर काऊंटरवरचे म्हणाले एक्सचेंज (भागातल्या सगळ्या फोन लाईन जिथे जोडलेल्या असतात ते केंद्र) बदलतंय, नंबर बदलणारच, हा बंद करा आणि नवीन घ्या. मी जवळजवळ सरेंडरचा फॉर्म भरलाच होता! तांब्याच्या वायरवर नंबर एक्सचेंजला बांधलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या एक्सचेंजच्या भागात गेलं की सुरुवातीचे आकडे सहसा बदलतात हे खरंय. मोबाईलसारखं पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत नेणंही आपल्याकडे लँडलाईनला नाही.

मग एका लाईनमननेच सांगितलं, साहेब फायबर घ्या, त्यात नंबर तोच ठेवता येतो, फक्त अर्जावर तसं स्पष्ट लिहा. कनेक्शन बाबांच्या नावावर होतं, म्हणून आधी डेथ सर्टिफिकेट देऊन ते आईच्या नावावर केलं, जुनं बिल भरलं, अर्जाच्या कॉपीवर शिक्का घेतला (हा शिक्का पुढे दोनदा कामी आला). सगळं मिळून तीन आठवडे गेले.

आता जुनाच लाल डबा फोन फायबरच्या मोडेमच्या मागे फोनच्या पोर्टला लावलाय. मोडेमला छोटा यूपीएस मात्र घ्यावा लागला, लाईट गेली की फोन बंद, आधी तसं नव्हतं. मावशीचा फोन आला तेव्हा आईने आधी रिंग पूर्ण वाजू दिली, मगच उचलला.